बेर्तालानच्या डोळ्यांत गेलेलं ग्रहण

मिश्कोल्त्स, ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप रोझालियाताईस, धाकट्या बेनेदेकचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला? कोंबड्या? आमच्याकडे एटेल्काचा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे आणि मी मात्र धडधाकट आहे, याचंच वाईट वाटतं.

खग्रास ग्रहण तुझ्या सेगेदच्या अंगणात खुर्ची टाकून फुकट दिसलं असतं, हे तू लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकतो. पण आमच्या गायक मंडळाने बालातोन तळ्यावर जायला बस ठरवली होती. खरं तर हे वेड एटेल्काचं. दोन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती, आणि जुलैत तळघराच्या पायरीवरून घसरली. निघताना मला म्हणाली, "दोघांच्या वाटचं बघून ये. आणि पेपरातलं सांगू नकोस हं, तू पाहिलेलं सांग." ताई, एवढं एकच काम होतं माझ्याकडे.

बसमध्ये प्रत्येकाने घरून तळलेलं कटलेट आणलं होतं (आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं चाखावं लागलं). मंडळप्रमुख केलेमेन आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचीही सुटका नव्हती. तेही मी सोसलं. पण कॅलेंडरात त्या दिवशी नेमका झुझाना नावाचा नामदिन, आणि आमची खजिनदार झुझानाच! केलेमेनने जाहीर केलं, की अंधार पडला की तिच्या नावाने पालिंका दारूचे प्याले उचलायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गाढव मी.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. प्रत्येकाने प्रत्येकाच्या प्याल्याला प्याला लावायचा आणि डोळ्यांत डोळे घालायचे. नाताळात प्याला लावताना माझी नजर जराशी केककडे गेली, तर बेर्तालान (आमचा खर्जातला गायक, रुसण्यात मात्र वरच्या पट्टीतला) ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलला नव्हता. म्हणून मी ठरवलं, पटापट सगळे डोळे उरकायचे आणि मग वर बघायचं.

अंधार पडला. झुझाना उरकली, केलेमेन उरकला, बाकीचेही उरकले. राहिला बेर्तालान, आणि तो पुठ्ठ्याचा काळा चष्मा लावून उभा! "बेनेदेक, कुठे मेलास?" "इथेच आहे, चष्मा काढ." "काढ म्हणे! आंधळा व्हायचंय का मला?" "अरे बाबा, सूर्य झाकलाय, आता चालतं!" "केलेमेनने बजावलंय, काढायचा नाही. आणि नजर चुकवू नकोस, मला कळतं!" त्याचा प्याला सापडेना. अर्धी पालिंका माझ्या बाहीत गेली. माझ्या पाठीमागे सगळ्या किनाऱ्याने एकदम 'आऽ' केलं, कुणी बाई हुंदके देऊन रडली, आणि मी त्या काळ्या कागदांत टक लावून बघत होतो. शेवटी प्याला लागला, आणि त्याच क्षणी उजाडलं. बेर्तालानने चष्मा वर केला आणि विचारलं, "काय रे, सुरू झालं का?"

ताई, मी तिथेच वाळूत बसलो आणि रडलो. लोकांना वाटलं, ग्रहण बघून गहिवरला. परतीच्या बसमध्ये दुसऱ्या कुणाला विचारावं, तर सगळे एकमेकांनाच विचारत होते.

भाओजींना नमस्कार. जगण्यात काही राम नाही, बाकी ठीक.

तुझा कमनशिबी,
बेनेदेक

ता. क. : खरी गोष्ट पुढेच आहे. घरी आलो तर एटेल्का उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "सांग." खरं सांगवेना, मग मी मनानेच रचून सांगितलं. आता ती रोज संध्याकाळी विचारते. आकाश आधी जांभळं होतं, ते हिरवट झालं. परवा तळ्यातले मासे उड्या मारायला लागले, काल एक घुबडही येऊन गेलं. आता माझ्याकडे जनावरं उरलेली नाहीत, आणि तिच्याकडे बघवत नाही. तू पाहिलंस ना? खरं कसं होतं ते लवकर लिही. पत्र बेर्तालानच्या पत्त्यावर पाठव.

आणखी एक ता. क., एटेल्काकडून : वन्सं, हे पत्र पेटीत टाकायला बेनेदेकने झुझानाकडे दिलं, आणि ती आधी माझ्या समाचाराला आली. मी वाचलं. खग्रास नसलं तरी ग्रहण मलाही खिडकीतून दिसलं होतं. घुबड नव्हतं. पण इतकी वर्षं जेवण झालं की पेपरात तोंड घालणारा माणूस आता रोज खुर्ची पलंगाजवळ ओढतो आणि माझा हात धरून सांगत बसतो. तुम्ही खरं कळवलंत, तर एका संध्याकाळीत सगळं सांगून होईल. प्लास्टर निघेपर्यंत तरी उत्तर पाठवू नका.