दहा तोंडं, एक काच

बुधवार, १९ मार्च

प्रिय दादा,

बंदरावरच्या मोठ्या दिव्याचा काचेचा गोळा आज सकाळी सावकाश निवायच्या भट्टीतून अखंड बाहेर आला. हे मी म्हणत नाही. भट्टीकाकांनी तो नखाने वाजवला, कान लावला, दुसऱ्या बाजूने पुन्हा वाजवला आणि म्हणाले, "आहे." तुला त्यांचं माहीतच आहे. वाईट बातमी असली की तासभर बोलतात, चांगली एका शब्दात उरकतात.

नमस्कार मागे राहिला, तो आता घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असताना ती सारखी माळ्यावर काय शोधायला जाते, ते एकदा तिनेच कळवावं. तुझं दुकान बरं चाललं असणार. काच सोडली असं जगाला सांगतोस आणि दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवतोस, याचं मला अजून हसू येतं. मी ठीक आहे. खोकला गेला. कारखान्याच्या मागच्या भिंतीची ओल एकदाची थांबली, आणि तुझ्या वेळचा तो करकरणारा पंखा अजून करकरतोच आहे.

आता गोळ्याचं. बंदरावरचा आधीचा गोळा बाबांच्या हातचा, तो हिवाळ्यातल्या वादळात फुटला. बंदराचे साहेब आले, म्हणाले, आता एवढं मोठं काम कोण करतं, आम्ही प्लास्टिकचा बसवून टाकतो. मी म्हणाले, आम्ही करतो. कुणाला न विचारता बोलून गेले. मागे वळून पाहिलं तर सगळी मंडळी माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी त्यांच्या वतीने समुद्रात उडी मारली. आपल्याकडे त्या मापाचं काम त्या दिवसानंतर कुणी केलेलं नव्हतं.

कोणता दिवस, ते तुला सांगायला नको. आजवर एकाही पत्रात मी त्याबद्दल लिहिलं नाही, तूही नाही. आज लिहिणार आहे. पण आधी गेल्या गुरुवारचं सांगते, कारण त्याशिवाय हे लिहायला मला तोंड नव्हतं.

गुरुवारी सकाळी काम सुरू केलं. मी बाकावर, म्हणजे बाबांच्या आणि तुझ्या बाकावर. फुंकनळीच्या टोकाला गोळा, भोपळ्यापेक्षा मोठा झालेला, लालभडक. नळी फिरवत ठेवायची, थांबली की गोळा एका अंगाला कलंडणार. भट्टीच्या दाराशी दारवाला, नळी फुंकायला नळीवाला, भट्टीकाका त्यांच्या जागी, आणि समोर माझ्या हाताला आच लागू नये म्हणून लाकडी फळी धरून आमच्यातली सगळ्यांत नवी कारागीर. बाबांचा नियम तसाच चालू होता: भट्टीपुढे बोलायचं ते उस्तादाने. बाकीच्यांनी डोळ्यांनी समजायचं. "दहा तोंडं आणि एक काच, तर काच फुटते," असं बाबा म्हणायचे. तू उस्ताद झालास तेव्हा तू तेच म्हणायचास, मी झाले तेव्हा मीही. वाक्य बरं होतं. कुणी तपासून पाहिलं नव्हतं, एवढंच.

माझी नजर गोळ्याच्या बुडाशी होती. काम छान चाललं होतं, मला तर मनातल्या मनात गुणगुणायला झालं होतं. आणि समोरून आवाज आला, "थांब."

दादा, माझे हात थांबले ते नंतर. त्याआधी बाकी सगळ्यांचे थांबले. दारवाल्याने दार अर्ध्यात धरलं, नळीवाल्याने तोंड बाजूला घेतलं, आणि भट्टीकाकांचाही आवाज आला, "थांबा, मान!" गोळा जिथे नळीला धरलेला असतो त्या मानेवर, माझ्या हाताच्या आड, केसासारखी चीर उठली होती. मला ती दिसणं शक्यच नव्हतं. त्यांना चौघांनाही दिसत होती.

मान परत भट्टीच्या तोंडाशी नेली, ऊब दिली, चीर मिटली. पुढचं काम झालं. चहा प्यायला बसलो तेव्हा मी कप उपडाच पुढे केला, तर दारवाला म्हणाला, उस्ताद, कप तरी आम्हाला धरू द्या.

मग वाद सुरू झाला, आधी कोण बोललं याचा. मला वाटलं, आता प्रत्येक जण श्रेय घेणार. झालं उलटं. दारवाला म्हणे, मी फक्त खाकरलो. नळीवाला म्हणे, माझ्या तोंडात नळी होती, मी कसा बोलणार. भट्टीकाका म्हणे, समोरून आवाज आला म्हणून मला धीर झाला. आणि समोरची म्हणते, काकांचं तोंड उघडलेलं दिसलं म्हणून मी बोलले. अजून निकाल लागलेला नाही. मी तर सोडून दिलं. सगळ्यांच्या जिभेवर एकच शब्द कधीपासून येऊन बसला होता, हे मात्र मला कळलं.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. आजोबांच्या वेळी मदतनीस उभ्यानेच जेवायचे. बाबांनी त्यांना बसायला बाकडं दिलं, पण वेगळं, दाराजवळचं. बाबांना त्याचा अभिमान होता आणि तो खरा होता; आजोबा त्या बाकड्यावरून त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. तू आलास आणि सगळ्यांना एका टेबलाशी बसवलंस, तेव्हा नाक मुरडलं ते बाबांनी. आणि मी कुठे होते? पॅकिंगच्या खोलीत, गवतात काचा गुंडाळत, कारण मुलींनी भट्टीपुढे यायचं नाही हे तुलाही तेव्हा खटकत नव्हतं. मलाही नव्हतं, खरं सांगते. तू गेलास, दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी बाकावर बसले. लोकांनी थोडे दिवस तोंडं वाकडी केली. आता नव्या माणसाला सांगितलं की पूर्वी इथे बाई चालत नव्हती, तर त्याला वाटतं मी थट्टा करते आहे.

यातलं कुणी ठरवून केलं, असं मला वाटत नाही. कुणी भाषण दिलं नाही. कालपर्यंत जे सगळ्यांना साधं वाटत होतं, ते एका सकाळी सगळ्यांनाच विचित्र वाटू लागलं. माणूस एकेकटा शहाणा होतो असं मी समजत होते. तसं नसावं. एकाच्या मनात येतं, शेजारच्याच्याही आलेलं असतं, आणि दोघंही समजतात की हे खूळ आपल्या एकट्याचं. लहान तोंडी मोठा घास नको म्हणून दोघं गप्प. मग कुणीतरी खाकरतं. तेवढ्यावर अख्खी खोली पुढे सरकते, आणि परत मागे जात नाही. आजोबांना आजही कुणी वाईट म्हणत नाही, पण उभ्याने जेवा म्हटलं तर आमच्यातला एकही जेवणार नाही.

आता तो दिवस.

तुझ्या हातून असाच एक मोठा गोळा मानेतून तुटला आणि तुझ्या उजव्या हातावर आला. दवाखान्यात तू मला एकच वाक्य बोललास, माझी नजर चुकली. तेच वाक्य उराशी धरून तू गाव सोडलंस. उस्तादाची नजर चुकली तर त्याने बाकावर बसू नये, हा तुझा हिशोब, आणि तुझ्या घरातलं कुणी परत भट्टीपुढे उभं राहू नये, ही तुझी शपथ.

गुरुवारी चहा संपल्यावर भट्टीकाका उठले नाहीत. बाकीचे गेले. मला म्हणाले, "त्या दिवशी पण मानेवरच होती. मला दिसली होती. आम्हा सगळ्यांना दिसली होती. उस्तादाच्या लक्षात आलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं."

एवढं बोलून ते रडले नाहीत की काही नाही. चष्मा पुसला. तुझ्याच दुकानातला आहे, तू टपालाने पाठवलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, त्याला कळव, माझ्याच्याने लिहवत नाही.

म्हणून लिहिते आहे. दादा, तुझी नजर चुकली नव्हती. ती जागा बाकावरून दिसतच नाही, बाबांनाही दिसत नव्हती. त्यांचं नशीब चांगलं होतं, त्यालाच आपण त्यांचा हात म्हणत आलो. तुझ्याभोवती डोळे भरपूर होते. तोंडं आपणच बंद केली होती. हे मी कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. काकांना नाही, बाबांना नाही. त्या वेळी आम्हा सगळ्यांना मिळून जेवढं दिसत होतं, तेवढंच दिसत होतं.

हे वाचून उठून दुकानात गेला असशील, तर परत ये आणि बस. अजून एक आहे.

समोर फळी धरून जी उभी होती, तिचं मी तुला नवी कारागीर एवढंच सांगितलं. लांब बोटं, हसली की आधी खांदे हलतात, चिडली की एक भुवई वर. कोणासारखी, ते आरशात बघ. तुझी लेक माझ्याकडे राहून नक्षीकामाचा अभ्यास करते असं तुला माहीत आहे, आणि ते खरं आहे. पण सकाळी ती भट्टीपुढे असते. गेलं वर्षभर. मी तिला बोलावलं नाही. एक दिवस डबा द्यायला आली आणि भट्टीसमोर अशी उभी राहिली, जसा तू उभा राहायचास. मग मी दार दाखवलं नाही. तुझ्यापासून लपवलं, हो. पण माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, कारण गुरुवारी "थांब" म्हणाली ती तीच. मला म्हणाली ती नुसतं थांब नव्हे, "आत्या, थांब." भट्टीपुढे आत्या. बाबा असते तर तिला तिथूनच परत पाठवली असती, आणि माझ्या हाताचं तुझ्यासारखंच झालं असतं.

संध्याकाळ

वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. तुझ्यापासून आणखी काही लपवायचं नाही, आणि तिच्यापासूनही नाही. ऐकता ऐकता तिने दोनदा डोळे पुसले, आणि संपल्यावर भुवई वर. म्हणाली, खोटं लिहू नकोस, पहिली मी नव्हते, काकाच. मी म्हटलं, तू तुझ्या पत्रात तसं लिही. म्हणाली, बाबांना मी लिहिणार नाही, समोर सांगणार आहे.

मग खिडकीत जाऊन बसली. आणि तिच्या आजोबांचा, म्हणजे आपल्या बाबांचा, विषय काढून मला विचारलं, "आत्या, आजोबांना जे दिसत नव्हतं ते आपल्याला दिसतं. मग आपल्याला आत्ता काय दिसत नसेल?"

दादा, मला त्या प्रश्नाची भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. जे काही असेल ते आमच्यातल्या कुणाच्या तरी मनात आत्ताच आलेलं असणार. फक्त त्याला वाटत असेल की हे खूळ आपल्या एकट्याचं. म्हणून उद्यापासून चहाच्या वेळी हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा असं ठरवलंय. दारवाला पंख्याचं नाव घेणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आता पुढचं. गोळा शनिवारी बंदरावर बसवतील. साहेबांनी आज फोनवर तसं पक्कं केलं. हवा चांगली असेल तर संध्याकाळीच दिवा लावून बघणार आहेत. भट्टीकाका गोळ्याबरोबर गाडीतून जायचं म्हणताहेत, मांडीवर धरून. मांडी कुठे आणि गोळा कुठे, पण त्यांना कोण सांगणार. म्हणजे आता कुणीही सांगू शकतं, सांगून झालंही, ते ऐकत नाहीत.

त्याआधी सकाळी कारखान्यात एक छोटं काम आहे. त्याच दिव्याची आतली जादाची काच, पुढेमागे लागली तर असावी म्हणून, हातभर लांबीची. ती बनवायला बाकावर तुझी लेक बसणार आहे, पहिल्यांदा. फळी धरायला समोर मी उभी राहणार. तुझ्या शपथेला विचारून मी हे ठरवलेलं नाही, तुला विचारून ठरवायचं आहे. म्हणून काम शनिवारवर ठेवलंय, उद्यावर नाही. हे पत्र उद्या पहाटेच्या बसवाल्याच्या हाती देते, म्हणजे उद्याच तुला मिळेल; शुक्रवारी दुपारच्या बसने निघालास तर संध्याकाळी पोचशील. नको म्हणायचं असेल तर तेही इथे येऊन, तिच्या तोंडावर म्हण. ती ऐकून घेईल आणि मग आपलं म्हणणं सांगेल, एवढी तयारी ठेव.

आलास तर तुझी जागा भट्टीकाकांच्या बाजूला. तिथून मान स्वच्छ दिसते. काही दिसलं तर बोल. तू आता उस्ताद नाहीस, तरी बोल.

वाट बघते,
तुझी बारकी