म्हैस हसत नाही

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, हरिचंद्रभाऊ, राग येतो ना, तो लिहून काढा, बीपी उतरेल. मला राग येत नाही असं मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

तरी लिहितो. माझी भाची किर्ती मांजर्लीला बालवाडी चालवते. काल तिच्याकडची पोरांची चित्रांची पुस्तकं बघितली. पांढरं अस्वल आणि पेंग्विन जिवलग दोस्त. हे भेटले कुठे? एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. दुसऱ्या पुस्तकात सिंह आणि ससा एका गोधडीत झोपलेत. सिंह जेवतो काय, हे एकाही पानावर नाही. पोरांना चक्क फसवतात.

मी किर्तीला सांगितलं, खरी दोस्ती मी लिहितो. म्हैस आणि बगळा. हेंद्रेपाड्यात बिल्डिंगी नव्हत्या तेव्हा आमच्या म्हशी होत्या, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणाली, "लिहा ना मामा. पण मजकूर थोडा, चित्रं जास्त."
बघू.

९ जानेवारी
गोष्ट पूर्ण. थोडी लांब झाली, पण एक शब्द काढण्यासारखा नाही. शेवटी तात्पर्य आहे. मध्येही आहे.

चित्रं गोप काढणार. गोप कॅम्प तीनचा, म्हणजे फाळणीनंतरच्या सिंधी वसाहतीतला, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून जीन्सवाल्यांना लेबलांची डिझाइनं करून देतो. अंबरनाथच्या फॅक्टरीत मी डिस्पॅचला होतो तेव्हा पिंपांवर 'ज्वलनशील' लिहायला आला होता, आणि चुकीचं लिहिलं होतं. मी ओरडलो. तेव्हापासूनचा दोस्त. तो सिंधी, मी आगरी. तो हळू बोलतो. मला हळू बोललेलं ऐकू येत नाही.

१३ जानेवारी
कॅम्प तीनला गेलो. गोपने कच्ची चित्रं दाखवली. डोकं फिरलं.

एक, म्हैस पहिल्या पानापासून हसते. मी म्हटलं, म्हैस हसत नाही. त्याने विचारलं, "तूने पूछा था उसको?"
दोन, बगळा म्हशीएवढा. मी म्हटलं, हा काय शहामृग आहे?
तीन, माझा मजकूर बघून म्हणाला, "इतना लिखेगा तो मेरी भैंस खडी कहाँ रहेगी?"

मी सगळ्या चुका शांतपणे समजावल्या. शेजारच्या कारखान्यातल्या मशिनी बंद झाल्या, कारागीर बघायला आले. मग मी "येतो" म्हणालो. त्या 'येतो'चा अर्थ कोणालाही कळला असता. चहा अर्धा टाकून निघालो.

संबंध संपले.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घ्या गोड बोला वगैरे. गोपचा फोन आला तर उचलायचा नाही, हे ठरवलं. बायकोलाही बजावलं.

१७ जानेवारी
फोन आला नाही. घाबरला असावा.

१९ जानेवारी
अजून नाही. एवढी मिजास. नेटवर्क चेक केलं. महेशच्या फोनवरून स्वतःला फोन लावून बघितला. वाजतो. महेश म्हणजे आमचा खालचा किराणावाला. त्याने विचारलं, काका, कोणाची वाट बघताय? त्याला दोन शब्द सुनावले. आता तांदूळ दुसरीकडून आणावे लागणार.

२१ जानेवारी
निर्णय: चित्रं मीच काढणार. म्हैस काय, काळा रंग भरला की झालं. लहानपणी शाळेत माझा आंबा फळ्यावर लावला होता.

२४ जानेवारी
म्हैस बरी जमली. पाय नंतर काढू. बगळा अवघड. कागद पांढरा, पक्षी पांढरा, दिसणार कसा? ह्यात माझी काय चूक?

बायकोने, तुळशीने, मागून येऊन विचारलं, "बगला हाय का बोकर?"
आमच्या हिला चित्रकलेचं अंग नाही. जेवलो नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

३० जानेवारी
पुस्तक तयार. पाय गवतात लपवलेत. मुखपृष्ठावर 'कथा व चित्रे: हरिचंद्र'. गोपला एक प्रत पाठवायची, म्हणजे त्याला कळेल. नंतर ठरवलं, पाठवायची नाही. न पाठवलेलं जास्त लागेल.

३ फेब्रुवारी
बालवाडीत वाचन.

मी खड्या आवाजात सुरुवात केली. पहिलं तात्पर्य येईपर्यंत दोन पोरं आडवी. ऋतिका नावाची एक चिमुरडी पुढे येऊन चित्र बघत राहिली. म्हणाली, "आजोबा, हा दगड कुणाचाय?"
म्हटलं, ती म्हैस आहे.
"मग शेपूट?"
मी म्हटलं, गवतात आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे खरी म्हैस आहे," आणि कपाटातून दुसरं पुस्तक घेऊन आली.

जीन्सच्या कापडाचं कव्हर, मशिनवर शिवलेलं. सगळी पोरं उठून बसली. मजकूर नाहीच, नुसती चित्रं, आणि गोष्ट पोरंच सांगत होती, एकमेकांचं तोडून. मी किर्तीकडे बघितलं. ती म्हणाली, "गोपमामा मागच्या आठवड्यात देऊन गेले. म्हणाले, शब्द हरिचंद्र आणणार आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

पुस्तक घेऊन बाहेर पायरीवर गेलो, चुका काढायला. बगळा लहान केलेला. म्हशीच्या पाठीवर चिखल, मी सांगितला होता तसा. तोंड बंद. पानामागून पान, मी जे जे ओरडलो होतो ते सगळं केलेलं. फक्त शेवटच्या पानावर बगळा तिच्या कानात चोच घालून काहीतरी करतोय आणि म्हैस हसते. थोडीशी.

कव्हरवर पाटीच्या अक्षरात माझं नाव. लेखक म्हणून. त्याचं कुठेच नाही.

मग ऋतिका पुस्तक परत मागायला आली. दिलं.

४ फेब्रुवारी
विचार केला, मोठं मन आपणच दाखवावं. गोपला माफ करायला कॅम्प तीनला गेलो. रिक्षात वाक्यं ठरवली.

गोप लेबल कापत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आ गया? बैठ."
मी म्हटलं, गोप, झालं गेलं मी विसरलो.
त्याने विचारलं, "क्या हुआ था?"
मी म्हटलं, आपलं भांडण. तीन आठवडे बोललो नाही मी तुझ्याशी.
त्याने कात्री खाली ठेवली. बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तू लिहिण्यात बिझी आहेस. मी भी चित्र में लगा था. तू तो रोज ही ऐसे बात करता है."

चहा आला. घेतला. पूर्ण. शब्द कमी करायचेत, त्यावर बोललो. पानाला एक ओळ, असं ठरलं. मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

घरी आल्यावर लक्षात आलं, माफ करायचं राहूनच गेलं.