कोनाडूसाठी गायलेलं

अक्रा, ८ मार्च २००१

ती. पोकुवामावशीस,
सेरवाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. शिवणाच्या दुकानातून सुटले की डान्सोमनला, नी आयी नावाच्या एका संगीतकाराच्या स्टुडिओत जाते. हिपलाइफ शिकतेय. ठोक्यावर झरझर बोलायचं आणि मधे जुन्या वळणाचं गायचं. पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलले, तर पोरं फिदीफिदी हसली. म्हणाली, ताई, आपली त्वी भाषा काय वाईट आहे? त्वीत बोलायला गेले, तर जीभ अडखळली!

तुझ्या कोनाडूच्या वर्षाच्या विधीला मला रजा मिळत नाही. तिच्यावरचा तुझा विलाप टेपवर गाऊन पाठवशील का? त्या दिवशी तू तिथे गाशील, मी इथे. सख्ख्या बहिणीसारखी होती गं ती.

तुझ्या मायेची भुकेली,
सेरवा

मॅम्पाँग, २२ मार्च २००१

चि. सेरवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेप बसच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. चाळीस वर्षं मी लोकांच्या मयतीत गाते, पण पोटच्या पोरीसाठी एकदाच गायले, तिच्या देहापाशी. हे मेलेल्यासमोर, नाहीतर त्याच्या विधीतच गायचं असतं. रिकाम्या खोलीत भीती वाटली, म्हणून तिचं कापड मांडीवर घेऊन बसले. मधे गळा दाटला, तेही टेपवर आलंय.

बसून ऐक. कुणी हसत असेल तिथे लावू नकोस. शेवटी मी तिला नावाने हाक मारून निरोप मागते, तेवढं तर घराबाहेरच्या कानावर जाऊच देऊ नकोस. तुझ्यावाचून कुणाला दिलं नसतं.

आणि नुसतं मक्याचं केंके खाऊन वाळू नकोस. तुझ्या त्या झरझर बोलण्याला दम लागेल!

तुझी वाट पाहणारी,
मावशी

मॅम्पाँग, २१ मे २००१

सेरवास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

शनिवारी कोनाडूचं वर्ष झालं. काळ्या कापडात सगळे बसले होते. मी उभी राहिले, पहिली ओळ उचलली, आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या पोरी कमरा हलवत माझ्या पुढे पुढे गाऊ लागल्या. मला वाटलं, यांना वेड लागलं. तर त्याच मला म्हणतात, आजी, तुम्हालाही येतं हे गाणं?

रविवारी गाडीतळावर गेले. एका त्रोत्रो गाडीत कॅसेटवर माझा आवाज लागला होता, दाटलेल्या गळ्यासकट. खाली ढोल, वर तू, आपल्या नव्या बुटांची फुशारकी मारत. कोनाडूला मारलेली हाक आली की उतारू सगळे ओरडत होते, कोनाडू, ए कोनाडू! माझी मुलगी गं ती!

एवढंच कळव. टेप मागितलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?

पोकुवा

अक्रा, २ जून २००१

ती. मावशीस,
पायांवर डोकं ठेवून सा. न.

खोटं बोलणार नाही. मी ते पत्र लिहिलं तेव्हा नी आयी शेजारी बसला होता. त्याला जुन्या बाईचा खरा आवाज हवा होता. रजा मी मागितलीच नव्हती. पण टेप ऐकून रडले, ते अगदी खरं. मला वाटलं, कोनाडूचं नाव सगळीकडे होईल. लोकांना तुझाच भाग आवडतो गं, माझं बोलणं कुणी धड ऐकतही नाही. ऑगस्टमध्ये घरी येऊ का?

राग धर, पण तुला आई म्हणू दे.

तुझी सेरवा

मॅम्पाँग, १४ जून २००१

सेरवास,

रडलीस, आणि मग वापरलंस. हे मला जास्त लागलं.

काल शेजारच्या कोफीच्या आईच्या मयतीला बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. तोंड उघडलं की पोरी नाचतील, ही धास्ती. शब्द आहेत, आवाजही आहे, पण ते आता माझं राहिलेलं नाही. कोनाडूशी बोलायची माझी तेवढी एकच वाट होती.

घरी येऊ का म्हणून विचारतेस. ये की. हे घर जितकं माझं तितकंच तुझ्या आईचं, तुला अडवणारी मी कोण? कोनाडू गेल्यावर आपल्या घराण्यात माझ्यासाठी विलाप करणारी तूच एक उरलीस. मी गेले की जरूर ये, नाहीतर लोक मला नावं ठेवतील. सगळ्यांत पुढे बस. मात्र तोंड उघडू नकोस.

पोकुवा