शिकंज्याचा दांडा

दि. ९ मार्च, सकाळी सव्वासहा. चहा गाळून लिहायला बसलो

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. सीआरपी एकोणीस, पाचाच्या आत हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात कुठेतरी दाह धुमसतो आहे. उतारवयात तो टिकून राहिला की स्नायू झिजतात. कुठे, ते एवढ्यावरून कळत नाही, पुढची तपासणी हवी. मुठीची ताकद मोजायच्या यंत्रावर बाबांचा काटा अठरा किलोवर थांबला. ते म्हणाले, यंत्र बिघडलं आहे.

दुकानात बांधलेली पुस्तकं दाबायचा शिकंजा त्यांच्याने सुटेना, म्हणून महिनाभर मी त्यांच्या आधी जाऊन दांडा अर्धा फेरा सैल करून ठेवतो. आता ते म्हणतात, शिकंजा रोज सुटतोय, मग तपासणी कशाला? खरं सांगायचा मला धीर होत नाही. काय करू ते कळव.

तुझा,
धाकटा


दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर नेहमीसारखं नेटकं, डोकं नेहमीसारखं भित्रं. त्याच टपालाने बाबांचंही पत्र आलं. लिहितात, दांडा कोण सैल करतं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बोललो तर पोरगं दोन दिवस जेवायचं नाही. तुम्ही दोघं एकमेकांची मनं सांभाळा, दाह मजेत राहील.

उद्यापासून दांड्याला हात लावू नकोस. आणि मागच्या खेपेला बाबा एकाच बाजूने चावत होते. दात दाखवले का?

जेवत जा.

तुझी,
ताई


दि. २ एप्रिल, दुपार, दुकानात

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दांडा घट्ट ठेवला. बाबांनी दोनदा जोर लावला, मग त्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी शिलाईत मान घातली. थोड्या वेळाने म्हणाले, “चप्पल घाल. जाऊन येऊ.”

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढेखाली पू निघाला. दाढ काढली, हिरड्या साफ केल्या. काल सीआरपी सात. मुठीचा काटा मात्र अठरावरच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाह उतरला तरी गेलेली ताकद आपोआप येत नाही. खाऊनपिऊन, हात चालवून हळूहळू येईल, सगळी येईलच असं नाही. बाबा म्हणाले, म्हणजे यंत्र चांगलं होतं.

आज त्यांनी मला शिकंज्यापाशी बोलावलं. दांड्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. सुटला.

मग म्हणाले, “उद्या जरा कमी जोर लाव.”

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा