तळ्याकाठची अस्वलीण

आई,

हे पत्र तुला पाठवणार नाही, कारण वाचून तुझी झोप उडेल.

बैठकीत लावलेला अस्वलाचा फोटो तू येईल त्याला दाखवतेस आणि म्हणतेस, "पोरीचं धाडस बघा." मी तुला सांगितलं होतं, लांबून काढलाय. लांबून नव्हता गं. कॅमेरा तळ्याकाठी स्टँडवर लावून, रिमोट मुठीत धरून मी झुडपात पालथी पडले होते, बदकांची वाट बघत. अस्वलीण पिल्लाला घेऊन माझ्या मागून आली. तिने माझा बूट हुंगला. तिचा गरम श्वास पोटरीला लागला. मग ती पुढे गेली आणि कॅमेऱ्यात डोकावली. भीतीने माझी मूठ आवळली आणि बटण दाबलं गेलं. तुझा लाडका फोटो तो एवढाच.

जीपपर्यंत कशी पोचले, आठवत नाही. मूठ उघडतच नव्हती. ड्रायव्हरने एकेक बोट सोडवलं.

आज पुन्हा त्याच तळ्यावर आलो. कॅमेरा मांडीवर घेऊन मी जीपमध्येच बसून राहिले.

"ताई, भीती वाटतेय?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो." आजवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मलाही वाटते. म्हणून तर मी कधी खाली उतरत नाही."

मला हसू फुटलं. पाखरं पाण्यावर उतरली, खेळली, उडून गेली. मी काचसुद्धा खाली केली नाही. शेवटी म्हणाले, "चला, घरी जाऊ."

त्याने जीप वळवली.

तुझी,
घाबरट लेक