मोठ्या देवडीची किल्ली एल्सिनकडे जावी म्हणून

मी, थिरमा ओल्दक, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा मोठ्या देवडीची द्वारपालीण, राहणार उल्दरा नगर, तिसरा थर, देवडीच्या कमानीवरील दोन खोल्या, हे पत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझे सर्व काही ठिकाणावर आहे. डोक्याबद्दल कोणास शंका असल्यास त्याने येऊन माझ्याशी सोंगट्यांचा एक डाव खेळावा. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, सबब ती रद्द समजावीत.

कलम १. राहत्या खोल्या देवडीच्या आहेत, माझ्या नव्हेत. त्या कोणास देण्याचा मला अधिकार नाही. माझा भाचा दार्गोल याने खडूने भिंतींवर मापे घेऊन ठेवली आहेत, ती त्याने स्वतः येऊन पुसावीत. खोल्यांतील पलंग, दगडी चूल आणि अळंबी वाळवायच्या चार जाळ्या माझी शेजारीण नीस्रा हिला द्याव्यात. चौथी जाळी तिचीच आहे. मागून आणली होती, परत करायची राहिली.

कलम २. माझे यजमान कोल्बिन सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांची जोडे शिवायची आरी, रापी व लाकडी ठोकळे खालच्या थरातील जोडेवाल्यांच्या गल्लीत द्यावेत. ज्याला टाके बारीक घालता येतात त्यालाच द्यावेत. कोल्बिनना सैल टाका दिसला की जेवण जात नसे.

कलम ३. नगरपेढीत माझी थोडी शिल्लक आहे. तीतून मी गेल्यावर सर्वांना आंधळ्या माशाचे कालवण जेवू घालावे. मीठ मोजू नये. उरेल त्यातून देवडीच्या बिजागऱ्यांना तेल आणावे.

कलम ४. आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. मोठे दार वर्षातून एकदाच, पहिल्या कुदळीच्या सणाला, नगरप्रमुखांसाठी उघडते. आधी अकरा वेळा कर्णा वाजतो, मग चारशे पूर्वजांची नावे घेतली जातात. एरवी सगळा गाव बाजूच्या दिंडी दरवाजातून ये-जा करतो. एकतीस वर्षांपूर्वी खालच्या थरातील तलावाचा बांध फुटला. माणसे जिना चढून वर पळत आली, तर दिंडी दरवाजात दगडांचा गाडा आडवा अडकलेला. पाणी जिन्याच्या मध्यापर्यंत आले होते. मोठ्या दारावर पलीकडून मुठी आपटत होत्या.

विधिप्रमुख वास्कुर माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. “बाई, हुकूम नाही! कर्णे नाहीत! नावं नाहीत!”

“मग घ्या की नावं,” मी म्हटले. “मी अडसर काढेपर्यंत होतील तेवढी घ्या.”

त्याने खरोखरच सुरुवात केली. सतराव्या नावाला दार उघडले.

चारशे बारा माणसे आत आली. पहिला माणूस पाठीवर कोणाची तरी म्हातारी घेऊन आला आणि मला म्हणाला, “बाई, हिला कुठं ठेवू? माझी नाही, पण आता हिला सोडवत नाही.” ते कोल्बिन. मी बावन्नाव्या वर्षी लग्न केले म्हणून ज्यांनी नाके मुरडली, त्यांना हे कारण पुरेसे असावे. त्याच दिवशी खालून पळत आलेल्या नीस्राला माझ्या पलंगावर मुलगी झाली. तिचे नाव एल्सिन.

वास्कुरने पंचांकडे तक्रार नेली. मी एवढेच म्हटले की नियमाप्रमाणे मोठ्या दारातून येईल तो मानकरी, मग ही सगळी मंडळी मानकरीच झाली. पंचांनी ते मानले. शिवाय मानकऱ्यांचे पाय विधिप्रमुखाने स्वतः धुवायचे असतात, हेही त्यांनी काढून दाखवले. चिखलात बरबटलेले आठशे चोवीस पाय धुवायला वास्कुरला दोन दिवस लागले. त्यानंतर पंचवीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही.

कलम ५. वास्कुरबद्दलचा माझा राग या पत्रान्वये काढून टाकत आहे. कोल्बिन गेले तेव्हा आम्ही त्यांना दिंडी दरवाजाने नेत होतो. वास्कुर काठी टेकत आडवा आला. मला वाटले, आता हा कुठला नियम काढतो! तो म्हणाला, “हा मानकरी आहे. मोठं दार उघडा.” आणि ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने चारशेच्या चारशे नावे एकट्याने घेतली. मध्येच आवाज बसला, तर पाणी पिऊन पुन्हा सुरू झाला. एका जोडेवाल्यासाठी. मी तोवर रडले नव्हते.

कलम ६. देवडीची किल्ली व द्वारपालाचे पद एल्सिनला मिळावे. ती उत्तम गवंडी आहे, कमानीचा सरकलेला दगड तिनेच बसवला. खालच्या थरातील कोणाला आजवर वरचे पद मिळालेले नाही. पंचांचा कारकून मला तोंडावर म्हणाला, “खालच्यांना किल्ली? थिरमाबाई, वय झालं तुमचं.” दार्गोलने तर नात्याच्या हक्काने द्वारपालाचा टोपसुद्धा शिवून घेतला आहे.

हे मी वास्कुरला सांगितले. अकरा दिवस तो दप्तरखान्यात बसला आणि धुळीने पांढरा होऊन माझ्याकडे आला.

“सापडलं! देवडीत जन्मलेलं मूल देवडीचं. रक्ताच्या नात्याच्याही आधी त्याचा हक्क.”

“नक्की?”

“मी कधी नियम चुकीचा सांगितलाय?”

“नाही. तोच तर सगळा त्रास होता.”

सदर नियमाची नक्कल या पत्रास जोडली आहे. दार्गोलचा हक्क राहत नाही. त्याला माझा मोठा आरसा द्यावा. टोप छान शिवला आहे, निदान घालून बघता येईल.

एल्सिनला विचारल्याशिवाय मी हे लिहिलेले नाही. ती म्हणाली, “मावशी, तो टोप रोज घालावा लागेल?”

“फक्त सणाला. आता मी विचारते. दारापलीकडे माणसं उभी आहेत आणि हुकूम आलेला नाही. काय करशील?”

“दार उघडीन. नावं मागाहून निवांत घेऊ, पूर्वज कुठं पळून जातात?”

वास्कुर तिथेच बसला होता. त्याने डोळे मिटले, पण हरकत घेतली नाही.

कलम ७. मी गेल्यावर देवडी एक दिवसही बंद ठेवू नये. रडायचे असेल त्याने बाजूला उभे राहून रडावे, वाट अडवू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण : मोठी देवडी, उल्दरा.
दिनांक : सणानंतरचा नववा दिवस, नगराचे वर्ष एक हजार दोनशे चार.

सही : थिरमा ओल्दक

साक्षीदार १ : वेदुम, भटारखाना, तिसरा थर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार २ : वास्कुर, निवृत्त विधिप्रमुख. साक्षीदारास काही ठेवता येत नाही, म्हणून मला काही ठेवलेले नाही. ते नियमाला धरून आहे. सदर बाई पूर्ण शुद्धीवर असून हे पत्र अमलात आणण्याची घाई कोणीही करू नये.