सुनेच्या मांडीतली सळई

आत्याबाई, तुमची नातसून आज सकाळी माझ्या आधी उठून बोरिंगवरून पाणी घेऊन आली. मोठी घागर नाही, लहान कळशी, पण आली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा पोरगा चड्डी घालून शाळेत जायचा, आता त्याचे केस पिकले. ही त्याची बायको नागझिऱ्यात गाईड आहे. पाहुण्यांना जीपमधून वाघ दाखवते आणि घरी आली की मला उलट बोलते. म्हणजे आमचं बरं चाललंय.

गेल्या उन्हाळ्यात कोहमाऱ्याच्या फाट्यावर टेम्पोनं तिची स्कुटी उडवली. मांडीचं हाड मधोमध मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार बसला. गोंदियाच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तर तोंडावर ऑक्सिजन, अंगभर नळ्या, आणि मांडीतून बाहेर आलेल्या सळ्या, त्यांना वरून एक दांडा आवळलेला. पोरगा डॉक्टरणीवर चिडला. "हे अर्धवट काऊन सोडलं जी? आतमधी रॉड टाकून मोकळं करा ना." डॉक्टरीण वयानं लहान, पण धीराची. म्हणाली, "दादा, हाडाच्या पोकळीत रॉड घालताना आतली चरबी रक्तात जाते, तिथून फुप्फुसात. एरवी माणूस ते सोसतो. हिला आत्ताच श्वास पुरत नाही, ती टेबलावरच जाईल. म्हणून आज बाहेरून पाय नुसता धरून ठेवलाय. श्वास सुधारला की रॉड." माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी झाडाखाली, पण हे मला कळलं. बांधीतला चिखल बसायच्या आधी धानाचा रोवणा केला तर रोप तरंगतं. पोराला मात्र कळलं नाही. बायको डोळ्यांसमोर कण्हत असली की माणसाला काहीतरी करून पाहिजे असतं, बसून राहणं जमत नाही.

त्यात तुमची लेक आली फुलचूरहून, डब्यात वरण-भात घेऊन. डबा ठेवायच्या आधीच सुरू. "वहिनी, कायले इथं सडवून राहिल्या पोरीले? सळ्या खुपसून ठेवल्या अन् म्हणते थांबा. गावाकडं नेऊ. माह्या मायची मांडी बांबूच्या कमच्या बांधूनच जुळली होती." पोराला ते पटायला लागलं. गाडी ठरवायला त्यानं फोन काढला. ऑक्सिजन काढून त्या पोरीला गाडीत घातली असती तर ती वाटेतच संपली असती, एवढं मला दिसत होतं.

मी नणंदेला म्हटलं, "जुळली ना? मंग कशी जुळली ते चालून दाखव."

तुमचा पाय चार बोटं आखूड झाला होता, आत्याबाई. पाऊल टाकलं की अर्धं अंग खाली जायचं आणि वर यायचं. रोवण्याच्या दिवसांत तुम्ही बांधीच्या पाळीवर पाय पसरून बसायच्या आणि आमच्या ओळी वाकड्या म्हणून ओरडायच्या. मी एकदा कंबर धरून उभी राहिले तर म्हणालात, "तुले देवानं दोन्ही पाय सारखे देल्ले, मंग कायले कुथतेस?" माझं तोंड असं तिखट झालं ते तुमच्या हाताखाली. आणि तुमची ही लेक लहानपणी तुमच्या मागं तुमची नक्कल करत चालायची, गल्लीतली पोरं हसायची.

तर ती उठली, माझ्यावरच्या रागानं. पदर खोचला आणि दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चालली. कंबर तशीच मोडली, हात तसाच मांडीवर. थोडी गेली आणि मधेच बाकावर बसली.

"वहिनी, इतकं दुखत असंन का वं तिले? जलमभर?"

"तुले नाही सांगतलं तिनं?"

"नाही."

"मलेही नाही."

पोरानं फोन खिशात घातला.

मग आम्ही थांबलो. तिचा श्वास सुधारला, आणि मग मांडीच्या आत लांब सळई बसवली, खुब्याजवळच्या लहानशा चिरेतून. दुसऱ्याच दिवशी तिला पलंगाच्या काठावर बसवलं. ती रडली, शिव्या दिल्या, पण बसली. घरी आल्यावर मी तिला खाटेवर सरळ निजवून दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. ती म्हणते, "बाजारात बैल घेऊन राहिल्या का जी आई?" टाचा सारख्या आल्या. मी तिला म्हटलं, बैल असतीस तर दात पाहिले असते.

हे लिहून कुठं टाकायचं नाही, तुमच्या गावाला पोस्ट नाही. पण एक सांगते. ऑपरेशन चालू होतं तेव्हा सगळे देवाचं नाव घेत होते, तुमची लेकसुद्धा. मी हात जोडून बसले होते, पण नाव तुमचं घेत होते. देवाचं काही मोडलंबिडलं असेल असं मला वाटत नाही. घरात हे कोणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.